खात्रीचा रकाना

विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे.
अकरा खुर्च्या, त्यातली मोडक्या पायाची संघरत्नची,
ती दुसरं कुणी घेत नाही म्हणून त्याची.
महिन्याला पन्नास रुपये, आणि लाईट गेली की
मोबाईलच्या उजेडात पंचायत राज.

वहीत मी चार रकाने आखलेत.
प्रश्न क्रमांक. माझं उत्तर. खरं उत्तर.
आणि मधे, उत्तरसूची उघडण्याआधी भरायचा,
एक ते पाच: किती खात्री?

आधी भरायचा. हेच अवघड.
बोट मागच्या पानात अडकवून ठेवलेलं असतं
आणि मन म्हणतं, बघ नं, कोण पाहतंय.
सुरुवातीचे पंधरा दिवस मी खोटं लिहिलं.
चुकलं की पाचाचा तीन केला, पेनानं गिरवून.
ते तीन अजून जाड दिसतात.

हे कुठल्या क्लासनं शिकवलं नाही.
बाबाराव मामा मंगळवारी बाजारात बोकड उचलतो,
पोटाखालून हात घालून, एकदाच,
आणि सांगतो, साडेअठरा.
मग काट्यावर. सतरा किलो शंभर.
खिशातल्या डायरीत दोन्ही आकडे, चाळीस वर्षं.
मामा, चुकलेलं कायले लिहून ठेवता?
"चुकनं काई नाई वं पोरी.
कोन्याकडं चुकते, थे समजलं पाह्यजे.
काया बोकड मले भारी वाटते. नेहमीच."

दिवाळीनंतर बेरजा केल्या.
पाच लिहिलेले साठ. बरोबर एकोणचाळीस.
दोन लिहिलेले एकेचाळीस. बरोबर तेहतीस.
वही बंद केली. बाहेर जाऊन पाणी प्याले.
परत उघडली, तरी तेच.

माझे काळे बोकड: इतिहास, चालू घडामोडी,
आणि अडाण.
अडाण नदी कोणत्या नदीला मिळते?
मी लिहिलं वर्धा. खात्री पाच.
पाचच देणार, मी तिच्यात पोहायला शिकले,
तिच्या गाळात माझी एक चप्पल आहे अजून.
पैनगंगा.
पुलाच्या पुढे ती कुठे जाते
हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आणि दोन, दोन, दोन लिहून बरोबर आलेलं
सगळं गणित. काळ-काम-वेग, शेकडेवारी.
सातवीत ढोके सर फळ्यापाशी म्हणाले होते,
बस खाली, तुह्यानं नाई होत.
मी बसले.
बारा वर्षं उत्तर येत होतं
आणि मी दोन लिहीत होते.

संघरत्नला दाखवलं. तो सगळीकडे चारच लिहितो.
म्हणाला, आपलं कसं, जास्त नाई, कमी नाई.
मंग काटा कायले पाह्यजे तुले? मी म्हटलं.
दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी
त्याच्या रकान्यात पहिला एक दिसला,
अगदी बारीक, पेन्सिलनं.

आता रात्री आधी चुकलेले पाच वाचते.
बरोबर आलेल्या दोनांना हात लावायचा नाही असं ठरवलंय,
तरी लावते कधीकधी.
ज्याची भीती आहे तेच पुन्हा पुन्हा वाचलं की
कष्ट केल्यासारखं वाटतं.

तलाठ्याचा पेपर एकवीस तारखेला, अमरावतीला.
आईनं चुलीपाशी विचारलं, निंघते का वं यावर्षी?
मी तोंड उघडलं आणि सवयीनं
आधी मनात आकडा शोधला.
तीन, म्हटलं.
कितीपैकी?
पाच.
तिनं भाकर उलटली. तव्यावर बोट ठेवून पाहिलं.
"मागच्या साली तं पाच म्हनली होती तू.
थे बी लिवून ठेवलं का?"